‘काश्मीर प्रिन्सेस’चा घात

बांडुंग हे नाव आपल्याकडील सुशिक्षित वाचकास अपरिचित नाही. १९५५ च्या एप्रिल महिन्यात जावा बेटातील या डोंगराळ शहरी आशिया व आफ्रिका या दोन खंडांतील २९ राष्ट्रांचे प्रतिनिधी एकत्र जमले. त्यांपैकी बहुतेक राष्ट्रे नुकतीच परदास्यातून मुक्त झालेली होती, आणि गोऱ्या राष्ट्रांच्या अध्यक्षतेवाचून आपणही आपल्या प्रश्नांचा विचार करू शकतो हे जगास दाखविण्याची त्यांची ईर्षा होती. पंडित नेहरू, सुकार्नो, ऊ नू, नासेर, चाऊ एन-लाय अशी मंडळी तेथे एका व्यासपीठावर बसली. या परिषदेचा वृत्तांत सांगताना इतिहासकार पुष्कळ पाने खर्ची घालतात. परंतु परिषदेच्या आधी अवघा एक आठवडा, तिच्यासाठीच निघालेले एक विमान समुद्रात जळून पडले व सोळा माणसे प्राणांस मुकली, या गोष्टीस त्यांच्या ग्रंथांत बहुधा एखाद्या टीपेपुरतीच जागा मिळते. ते विमान भारताचे होते, त्याचा चालक भारतीय होता, आणि त्या चालकाचे जटार व वाचलेल्या तिघांपैकी एकाचे कर्णिक ही आडनावे तर मराठी वाचकास घरचीच वाटतील. त्या टीपेत काय दडले आहे हे पाहण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

आरंभीच एका शब्दाचा खुलासा केलेला बरा. विमान पडले की आपण त्यास ‘अपघात’ म्हणून मोकळे होतो. ‘काश्मीर प्रिन्सेस’च्या बाबतीत हा शब्द लागू पडत नाही. तो अपघात नव्हता, घात होता. आणि घात म्हटला की घात करणारा, करविणारा, तो होऊ देणारा आणि त्याची कुणकुण असूनही गप्प राहणारा अशा निरनिराळ्या पायऱ्यांवरच्या माणसांचा हिशेब मागणे प्राप्त होते.

तत्कालीन राजकारण थोडक्यात सांगतो. १९४९ साली चीनमध्ये साम्यवाद्यांचे राज्य झाले आणि चँग कै-शेक आपल्या उरल्यासुरल्या सैन्यासह फोर्मोसा ऊर्फ तैवान बेटावर जाऊन राहिला. अखिल चीनचे खरे सरकार आपलेच, असे दोघेही म्हणत. अमेरिका चँगच्या पाठीशी होती. ब्रिटनने मात्र १९५० च्या जानेवारीतच पेकिंगच्या सरकारास मान्यता दिली होती. हाँगकाँगची वसाहत चीनच्या अगदी उंबरठ्यावर असल्यामुळे तिला याहून दुसरे शहाणपण परवडणारे नव्हते. १९५४ च्या सप्टेंबरात किमॉय बेटावर पेकिंगच्या तोफा सुरू झाल्या, १९५५ च्या आरंभी ताचेन बेटे चँगला सोडून द्यावी लागली, आणि अमेरिका व चीन यांच्यात युद्ध पेटते की काय, अशी धास्ती सर्व जगास पडली. अशा वेळी पेकिंगचा प्रधानमंत्री आशियाई राष्ट्रांच्या मेळाव्यात मानाने बसणार, ही कल्पना तैवानमधील पक्षास किती झोंबली असेल हे सांगावयास नको. चाऊ एन-लाय हा साम्यवादी चीनचा सर्वांत गोड बोलणारा व सर्वांत धूर्त मुत्सद्दी होता. तो बांडुंगला पोहोचूच नये, असे वाटणारे लोक त्या वेळी पुष्कळ होते. आणि त्यांतल्या काहींनी ते नुसते वाटण्यावर ठेवले नाही.

चीनजवळ त्या काळी समुद्रापार एवढा दूरचा पल्ला गाठण्याजोगी स्वतःची प्रवासी विमाने नव्हती, म्हणून त्या सरकारने एअर इंडिया इंटरनॅशनलचे एक विमान भाड्याने घेतले. ही कंपनी १९५३ मध्ये सरकारी झाली होती, तरी तिची सूत्रे जे. आर. डी. टाटा यांच्याच हाती होती. तिच्या ताफ्यातील ‘कॉन्स्टेलेशन’ जातीच्या विमानांना राजकन्यांची नावे दिलेली होती: मलबार प्रिन्सेस, राजपूत प्रिन्सेस, मराठा प्रिन्सेस, बेंगॉल प्रिन्सेस, काश्मीर प्रिन्सेस. यांपैकी ‘मलबार प्रिन्सेस’ १९५० च्या नोव्हेंबरात आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँवर आदळून ४८ माणसांसह नष्ट झाली होती. त्यास मात्र अपघात म्हणता येते. ‘काश्मीर प्रिन्सेस’ चार इंजिनांची, तीन शेपट्यांची, अंतर्भागात हवेचा दाब राखणारी, त्या काळच्या मानाने अत्यंत विश्वासाची अशी होती. मुंबईहून ती हाँगकाँगला गेली, आणि तेथून प्रवासी घेऊन जाकार्तास जावयाची होती.

११ एप्रिल १९५५ रोजी हाँगकाँगच्या कायटाक विमानतळावर तिच्यात ११ प्रवासी चढले. त्यांत चिनी शिष्टमंडळाचे तीन कर्मचारी आणि पाच चिनी पत्रव्यवसायी होते. शिवाय एक व्हिएतनामी, एक पोलिश आणि एक ऑस्ट्रियन असे तिघे. मंत्री त्यांत कोणीच नव्हता. पत्रव्यवसायींपैकी एक ह्वांग त्सो-मेय हा हाँगकाँगमधील चिनी वृत्तसंस्थेचा प्रमुख. याची हकीकत मोठी विलक्षण आहे. जपानी अमदानीत तो दक्षिण चीनमधील गनिमी पथकात होता, आणि त्या वेळी दोस्त राष्ट्रांच्या पक्षास केलेल्या मदतीबद्दल ब्रिटिश सरकारने त्यास एम. बी. ई. हा किताब दिला होता. ज्या सरकारचा किताब त्याने मिळविला, त्याच सरकारच्या विमानतळावर त्याच्या मृत्यूची तयारी झाली. अशा विसंगती कादंबरीत घातल्या तर टीकाकार नाक मुरडतील.

विमानाचे कर्मचारी आठ. कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार हे प्रमुख चालक, दीक्षित हे सहचालक, पाठक हे दिग्दर्शक, अनंत कर्णिक हे यंत्राची देखभाल करणारे अभियंते, ग्लोरिया बेरी ही परिचारिका, आणि आणखी तिघे. कायटाकवर विमान तासाभराहून थोडे अधिक उभे होते. तेवढ्या अवधीत ते झाडले-पुसले गेले, त्यात इंधन भरले गेले, सामान चढले. आणि तेवढ्याच अवधीत कोणीतरी उजव्या बाजूच्या चाकाच्या खोबणीत एक लहानसे यंत्र ठेवून दिले. चाके वर उचलली गेली की ही खोबण बंद होते, आणि मग ती उघडून पाहण्याचे कारण विमान उतरेपर्यंत कोणासही पडत नाही. तिच्या लगतच इंधनाची टाकी असते. ज्याने ही जागा निवडली त्यास विमानाची रचना चांगली समजत होती, किंवा समजणाऱ्याने त्यास ती नीट समजावून दिली होती.

दुपारी सव्वाबाराच्या पुढे विमान सुटले. हवा स्वच्छ होती. सुमारे पाच तास सर्व काही यथास्थित चालले. विमान १८,००० फूट उंचीवरून दक्षिण चिनी समुद्र ओलांडीत होते, अर्धी अधिक वाट संपली होती, दिवस कलावयास लागला होता. आणि अशा वेळी एक दबका आवाज झाला. पाठोपाठ धूर आत येऊ लागला. उजव्या पंखावर, तिसऱ्या इंजिनाच्या मागे, आग दिसली. जटारांनी ते इंजिन लागलीच बंद केले व त्याचा पंखा वाऱ्याच्या धारेस फिरवून ठेवला, म्हणजे त्या इंजिनासही आग लागू नये. उरलेल्या तीन इंजिनांवर ते विमान वेगाने खाली आणू लागले. नातुना बेटांच्या आसपासचे आपले स्थान सांगणारे संकटसंदेश तीन वेळा पाठविण्यात आले. मग बिनतारी यंत्र मुके झाले.

यापुढील काही मिनिटांविषयी आपणास जे समजते ते वाचलेल्यांच्या सांगण्यावरून. आगीने विजेच्या तारा व नियंत्रणाची साधने एकामागून एक निकामी होत होती. धूर चालकाच्या कोठडीत शिरला, समोरचे दिसेना. समुद्रावर विमान उतरविणे हे शांत चित्ताने व चारी इंजिने हाती असतानाही सोपे नसते. येथे तर एक पंख जळत होता. तशा स्थितीत ग्लोरिया बेरी हिने प्रवाशांना प्राणरक्षक जाकिटे वाटली व ती कशी घालावयाची ते समजावून दिले. पाण्यावर आदळताच बाहेर पडता यावे म्हणून संकटकाळची दारे उघडण्यात आली. प्रवाशांत आक्रोश माजला नाही. जटार अखेरपर्यंत आपल्या आसनावरून हलले नाहीत. उजवा पंख प्रथम पाण्यास लागला आणि विमानाचे तीन तुकडे झाले.

दीक्षित, पाठक आणि कर्णिक एवढे तिघेच जिवंत बाहेर पडले. समुद्राच्या पृष्ठावर इंधन जळत होते, त्यातून मार्ग काढीत ते दूर झाले. मग अंधार पडला. कित्येक तास पोहत व तरंगत ते एका बेटाच्या किनाऱ्यास लागले. तेथील रहिवाशांनी त्यांना आसरा दिला, आणि पुढे ‘डँपियर’ नावाच्या ब्रिटिश आरमारी जहाजाने त्यांना सिंगापुरास पोहोचविले. वाचलेल्या तिघांत एकजण यंत्रज्ञ होता, ही गोष्ट चौकशीच्या दृष्टीने मोठ्या मोलाची ठरली. सामान्य प्रवासी ‘धडाका झाला व आग लागली’ एवढेच सांगू शकला असता. आग कोठे लागली, कोणते इंजिन शेवटपर्यंत नीट चालत होते, धूर कोणत्या वाटेने आला, हे सांगावयास डोळ्यांबरोबर विद्याही लागते.

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १२ एप्रिल रोजी, पेकिंगच्या परराष्ट्रखात्याने जाहीर केले की हा अमेरिका व चँग कै-शेक यांच्या गुप्त हस्तकांनी केलेला खून आहे. विमानाचा सांगाडा अद्याप समुद्रतळाशीच होता, कोणी एक खिळाही तपासला नव्हता. तेव्हा एवढ्या निश्चयाने बोलणाऱ्याकडे जगाने संशयाने पाहिले तर नवल नाही. परंतु पेकिंगचे म्हणणे निराधार नव्हते. त्याच पत्रकात असेही होते की, या कटाची वार्ता आम्हास आधीच लागली होती, आणि १० एप्रिल रोजी पेकिंगमधील ब्रिटिश वकिलास आम्ही ती कळविलीही होती. ब्रिटिश पक्षाचे उत्तर असे की, कळविले हे खरे, पण चिनी प्रतिनिधींना उपद्रव होण्याचा संभव आहे, एवढेच कळविले. विमानात स्फोटक ठेवले जाईल असे कोठेही म्हटले नव्हते. या मुद्द्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण सर्व प्रकरणाचे मर्म, माझ्या मते, येथेच आहे.

इंडोनेशियाच्या सरकारने चौकशीमंडळ नेमले. सुदैवाने विमान जेथे पडले तेथे समुद्र फार खोल नव्हता आणि पाणबुड्यांना अवशेष वर काढता आले. विमान आणखी काही शे मैल अलीकडे वा पलीकडे पडते, तर हा सारा प्रकार कदाचित इंजिनाच्या बिघाडाच्या नावावर जमा झाला असता. अवशेषांत उजव्या चाकाच्या खोबणीचा भाग बाहेरून आत नव्हे, तर आतून बाहेर फाटलेला आढळला, आणि घड्याळाच्या यंत्रासारख्या एका साधनाचे वेडेवाकडे तुकडे सापडले. २६ मे रोजी मंडळाने निर्णय जाहीर केला: विमानाचा नाश कालनियंत्रित स्फोटकाने झाला, त्यातील उडविण्याचे साधन एम. के. ७ या अमेरिकन बनावटीचे होते, आणि ते हाँगकाँगमध्येच ठेवले गेले असण्याचा फार मोठा संभव आहे.

आता सर्वांची दृष्टी हाँगकाँगकडे वळली. तेथील पोलिसांनी विमानतळावरच्या माणसांची कसून तपासणी चालविली होती. संशय येऊन स्थिरावला तो चाऊ त्से-मिंग नावाच्या एका झाडूवाल्यावर. हाँगकाँग एअरक्राफ्ट इंजिनिअरिंग कंपनीत तो सफाईचे काम करी, आणि त्या दिवशी ‘काश्मीर प्रिन्सेस’ झाडणाऱ्यांत तो होता. या कामासाठी त्यास ६ लक्ष हाँगकाँग डॉलर देऊ केले होते, असे तपासात निष्पन्न झाले. तो अलीकडे हात सैल सोडून खर्च करू लागला होता, आणि मित्रमंडळींत फुशारकीने काहीबाही बोललाही होता. पोलिसांनी त्यास चौकशीस बोलावले होते, पण अटकेत ठेवण्याजोगा पुरावा तेव्हा हाती नव्हता. १८ मे रोजी, म्हणजे इंडोनेशियाचा निर्णय बाहेर पडण्यापूर्वी आठ दिवस, तो सिव्हिल एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीच्या विमानातून तैवानला निसटला. ज्याने दुसऱ्यांच्या विमानात मृत्यू ठेवला, तो स्वतः विमानानेच सुखरूप पळाला. हाँगकाँग सरकारने माहिती देणारास १ लक्ष डॉलरांचे बक्षीस जाहीर केले, चाऊवर खुनाच्या कटाचे पकडवॉरंट काढले आणि तैवानकडे त्याची मागणी केली. तैवानने साफ नकार दिला.

या तपासात भारतातर्फे भाग घेणाऱ्या अधिकाऱ्याचाही उल्लेख करावयास हवा. रामेश्वरनाथ काव हे त्या वेळी आपल्या गुप्तवार्ता विभागात होते. विमान भारताचे, तेव्हा तपासावर लक्ष ठेवण्यासाठी नेहरू सरकारने त्यांना धाडले. काम नाजूक होते. चिनी लोकांचा ब्रिटिशांवर विश्वास नाही, ब्रिटिशांस आपल्या वसाहतीत चिनी हस्तक्षेप नको, आणि दोघांसही एकमेकांजवळील माहितीची गरज. अशा दोन पक्षांमध्ये राहून काव यांनी काम इतक्या चोखपणे केले की चाऊ एन-लायने त्यांना आपली वैयक्तिक मुद्रा आठवण म्हणून दिली. १९६८ मध्ये भारताने परदेशांतील गुप्तवार्तांसाठी स्वतंत्र खाते काढले, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख हेच काव झाले.

तैवानने दिलेला नकार निर्लज्जपणाचा होता, यात शंका नाही. पण तो कायद्याच्या भाषेत मांडता येत होता, हे अधिक लाजिरवाणे आहे. ब्रिटनने पेकिंगला मान्यता दिलेली असल्यामुळे तैवानच्या सरकारचे अस्तित्वच त्याच्या लेखी नव्हते. मग जे सरकार नाही त्याच्याजवळ आरोपी कोणत्या कराराने मागावयाचा? गंमत अशी की, याच तैवानात तामसुई येथे ब्रिटनची वकिलात त्या वेळी चालू होती आणि पुढे १९७२ पर्यंत राहिली. शिवाय गुन्हा घडला कोठे? यंत्र ठेवले ब्रिटिश वसाहतीत, उडाले खुल्या समुद्रावरील आकाशात, विमान भारताचे, मेलेले मुख्यतः चिनी, अवशेष इंडोनेशियाच्या हद्दीजवळ, आणि आरोपी अशा बेटावर की ज्यास अर्धे जग राज्य मानी व अर्धे मानीत नसे. वकिलीच्या परीक्षेत घालण्याजोगा हा प्रश्न आहे. दुर्दैव एवढेच की त्याच्या उत्तरावर सोळा जणांचा न्याय अवलंबून होता. चाऊ त्से-मिंग न्यायासनापुढे कधीच उभा राहिला नाही. कायद्याच्या काटेकोर दृष्टीने तो अखेरपर्यंत आरोपीच राहिला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

त्याच्या मागे कोण होते? तैवानच्या गुप्तहेर खात्याचा हा डाव होता, याविषयी आज अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. वाद आहे तो अमेरिकेच्या वाट्याचा. स्फोटकाचे साधन अमेरिकन होते. पण तैवानचे सारे सैन्यच अमेरिकन शस्त्रांवर पोसलेले होते, तेव्हा एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. चाऊ ज्या कंपनीच्या विमानातून पळाला ती १९५० पासून आतून अमेरिकन गुप्तहेर खात्याच्याच मालकीची होती, हे पुढे उघड झाले; पण ती रोजची प्रवासी वाहतूकही करीत असे. जॉन डिस्को स्मिथ नामक एक अमेरिकन, जो पूर्वी दिल्लीतील वकिलातीत होता व नंतर रशियात पळून गेला, त्याने १९६७ मध्ये मॉस्कोच्या एका नियतकालिकात असे लिहिले की, याच कामासाठी एक पुडके आपण दिल्लीत एका चिनी माणसाच्या हवाली केले होते. फितुराची साक्ष, तीही फितुरीनंतर नव्या धन्याच्या वर्तमानपत्रात छापलेली, किती वजनाची मानावी हे वाचकांनीच ठरवावे. १९७५ च्या सुमारास अमेरिकन सेनेटच्या चौकशीसमितीपुढे त्या काळातील पूर्व आशियातील एका नेत्याच्या वधाच्या योजनेचा विषय निघाला, आणि ती योजना वरिष्ठांनी फेटाळली असे सांगण्यात आले. या सर्वांची बेरीज केली तर संशयास जागा पुष्कळ आहे, परंतु दोषारोप सिद्ध होत नाही. अमेरिकेविषयी आपला राग वा लोभ काही असो, इतिहासलेखकाने येथे थांबले पाहिजे.

आता त्या राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे येतो. चाऊ एन-लाय ‘काश्मीर प्रिन्सेस’ने जाणार अशी घातक्यांची समजूत होती. तो गेला नाही. आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेमुळे त्याचा प्रवास लांबला असे सांगण्यात आले, आणि शस्त्रक्रिया झाली होती हे खरेही आहे. विमान पडल्यावर तीन दिवसांनी तो निघाला, रंगूनला नेहरू, ऊ नू व नासेर यांना भेटला, आणि तेथून सुरक्षित जावास पोहोचला. १९९४ साली स्टीव्ह त्सांग या इतिहासकाराने ब्रिटिश, अमेरिकन व तैवानी कागदपत्रे तपासून एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्याचे प्रतिपादन असे की, कट तैवानचाच होता. परंतु चाऊ एन-लायला त्याची माहिती आधी मिळाली होती, आणि त्याने स्वतःस वाचवून दुय्यम माणसांना त्याच विमानाने जाऊ दिले. २००४ मध्ये चीनने त्या काळचे काही दप्तर खुले केले, त्यावरूनही पेकिंगला पूर्वसूचना मिळाली होती एवढे निर्विवाद ठरते.

चाऊचे समर्थक म्हणतात की, सूचना मिळताच त्याने ब्रिटिशांस सावध केले, आणखी त्याने काय करावयास हवे होते? हा युक्तिवाद मला पटत नाही. विमान रद्द करता आले असते. एक दिवस उशिराने, निराळ्या वाटेने माणसे पाठविता आली असती. निदान कायटाकवर त्या विमानाचा खिळा न् खिळा तपासून पाहा, त्यात स्फोटक ठेवण्याचा बेत आहे, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगता आले असते. पण मुत्सद्द्यांच्या भाषेत धोका हा ‘उपद्रवाचा संभव’ होतो, आणि मग ज्याने सांगितले तो म्हणतो मी सांगितले, ज्याने ऐकले तो म्हणतो मला असे सांगितलेच नव्हते, आणि दोघांचीही दप्तरे निर्दोष राहतात. ज्या गुप्त मार्गाने वार्ता मिळाली तो मार्ग उघडा पडू नये म्हणून शब्द मोघम ठेवले गेले असतील. राज्यकर्त्यांना असे हिशेब करावे लागतात, हे मला समजते. दुसऱ्या महायुद्धात अशा कारणासाठी जहाजांचे काफिले संकटाच्या मार्गावर जाऊ दिल्याच्या कथा आपण वाचल्या आहेत. तथापि ते सैनिक होते, त्यांनी शत्रूशी झुंज पत्करलेली होती. जटार व ग्लोरिया बेरी यांनी कोणाशी युद्ध पत्करले होते? चीनच्या यादवीत त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्यांच्या कंपनीने भाडे ठरविले, त्यांनी विमान चालविले. ब्रिटिशांचीही सुटका होत नाही. सूचना मोघम असो वा स्पष्ट, ती मिळाल्यावर विमानाभोवती पहारा ठेवणे म्हणजे विमानात शिरणाऱ्या झाडूवाल्याकडे पाहणे हेही त्यात येते. पहारेकऱ्यांचे डोळे निदर्शने करणाऱ्या जमावाला शोधीत होते; हातात झाडू असलेला माणूस त्यांच्या समोरून गेला.

चाऊ बांडुंगला पोहोचला व त्याने परिषद जिंकली, हेही सांगितले पाहिजे. २३ एप्रिलला त्याने अमेरिकेशी बोलणी करण्याची तयारी जाहीर केली, किमॉयच्या तोफा मंदावल्या, आणि ऑगस्टमध्ये जिनेव्हात दोन्ही देशांच्या वकिलांची बोलणी सुरू झाली. तो त्या विमानात असता तर काय झाले असते, याचा विचार केला म्हणजे आजही मन दचकते. पण यावरून ते सोळा बळी युक्त होते, असे अनुमान काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो वाचण्यासाठी त्यांनी मरण्याची आवश्यकता नव्हती.

विमानात स्फोटक ठेवण्याची कल्पना त्या वेळी अगदीच नवी नव्हती. १९३३ मध्ये अमेरिकेतील इंडियाना प्रांतात एक विमान असेच फुटून ७ माणसे मेली होती. १९४९ मध्ये कॅनडातील क्वेबेकजवळ एका जवाहिऱ्याने बायकोचा काटा काढण्यासाठी विमान उडवून २३ जणांचे प्राण घेतले. ‘काश्मीर प्रिन्सेस’नंतर सातच महिन्यांनी कोलोरॅडोत एका तरुणाने आईच्या विम्याच्या पैशासाठी ४४ माणसे मारली, आणि असे कृत्य हाच मुळी स्वतंत्र गुन्हा ठरविणारा कायदा अमेरिकेस १९५६ मध्ये करावा लागला. परंतु त्यांत खासगी लोभ अथवा द्वेष होता. राजकारणासाठी प्रवासी विमान हे हत्यार करण्याचा मार्ग ज्यांनी दाखविला, त्यांत कायटाकवरील मंडळींचा क्रम फार वरचा लागतो. आरोपीस एकतर स्वाधीन करावे, नाहीतर स्वतः त्यावर खटला चालवावा, हा नियम अनेक राष्ट्रांनी मॉन्ट्रियल येथे १९७१ साली लिहून काढला. तो सोळा वर्षे आधी असता, आणि तैवानने तो पाळला असता, तर चाऊ त्से-मिंगला लपावयास जागा नव्हती. अर्थात कायदा लिहिला म्हणजे न्याय मिळतो असेही नाही. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचेच ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर फुटून ३२९ माणसे मेली. तेथेही पूर्वसूचना होत्या, तेथेही त्या दप्तरांत पडून राहिल्या, आणि वीस वर्षांनंतर लागलेल्या निकालात दोन प्रमुख आरोपी निर्दोष सुटले.

सरकारने आपल्या माणसांची उपेक्षा केली नाही. जटार व ग्लोरिया बेरी यांना मरणोत्तर, आणि वाचलेल्या तिघांनाही अशोकचक्राच्या सन्मानाने गौरविण्यात आले. पेकिंगच्या बाबाओशान दफनभूमीत आशिया-आफ्रिका परिषदेस जाताना मृत्यू पावलेल्या हुतात्म्यांचे स्मारक उभारण्यात आले आहे. कर्णिकांनी १९५८ साली मुंबईस ‘काश्मीर प्रिन्सेस’ याच नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात राजकारण कमी आणि ते विमान, तो धूर, ते पाणी व बरोबरची माणसे अधिक आहेत. परिषदेवरील जाडजूड ग्रंथ ज्या घरांत आहेत, त्या घरांत हे लहानसे पुस्तक क्वचितच आढळते. कोणाच्या संग्रहात त्याची प्रत असेल, तर ती वाळवीच्या स्वाधीन न करता एखाद्या ग्रंथालयास द्यावी.